बाकी सगळं 'इतर'

आई : रुसलं का पुन्हा तुझं यंत्र?

मुलगी : नाही, आज चालतंय. सापडलेल्या माणसांच्या सूचना चाळणारी आपली वेबसाइट जावास्क्रिप्टमधली, त्यातले शब्द ओळखणारी लायब्ररी सी प्लस प्लसमधली. दोघींच्या भाषा वेगळ्या, म्हणून मध्ये पूल लागतो. सर्व्हर बदलला आणि पूल कोसळला. सकाळभर डोकं आपटून पुन्हा बांधला.

आई : मग तोंड का उतरलंय?

मुलगी : चालतंय का बघायला एक जुनी सूचना दिली त्याला. इस्पितळाची, थंडीतली. 'अनोळखी तरुण मृत. निळा स्वेटर, कोपराला ठिगळ.' यातला एकही शब्द त्याने उचलला नाही. म्हणून ती आपल्यापर्यंत आलीच नाही.

आई : तुझा पूल गळका असेल. अक्षरं सांडत असतील वाटेत.

मुलगी : मलाही तेच वाटलं. पण काना-मात्रेसकट सगळं पलीकडे पोचतंय. जिवंत सापडलेल्यांच्या सूचना तर अचूक वाचतं. आई, यंत्राला शिकवायच्या वाक्यांवर खुणा तूच केल्यास ना?

आई : तूच बसवलंस मला. प्रत्येक शब्दाला नाव, जागा, कपडा, नाहीतर 'इतर'. डोळे फुटायची वेळ आली.

मुलगी : माणूस मेलेला सापडला, त्या प्रत्येक वाक्यात तू सगळंच 'इतर' केलंयस.

आई : त्या सूचना आपल्या नव्हत्याच. आपण जिवंत दादाला शोधत होतो.

मुलगी : यंत्राला काय कळतं? 'मृत' दिसलं की सगळं सोडून द्यायचं, एवढंच शिकलं ते.

आई : मीही तेच करत होते गं. तो शब्द आला की नजर पुढे पळायची.

मुलगी : मी तुला बोल लावत नाहीये.

आई : लाव. थंडीपासून तो तिथे, आणि मी रोज दाराची कडी काढून ठेवतेय.

मुलगी : दादाच असेल असं नाही. निळे स्वेटर पैशाला पासरी मिळतात.

आई : ठिगळ कसलं लिहिलंय?

मुलगी : राहू दे ना.

आई : वाच.

मुलगी : 'करड्या लोकरीचं.'

आई : निळी लोकर संपली होती. 'चालेल गं,' म्हणाला, 'कोपर कोण बघतंय?'

(मुलगी फोन हातात घेते.)

मुलगी : इस्पितळात फोन लावू?

आई : लाव. आणि ते वाक्य इकडे दे, खुणा नीट करते. 'स्वेटर', कपडा. 'ठिगळ'... हेही कपड्यातच धरायचं ना गं?