आठ नंबरचा बत्तीवाला

विहारात जमलेल्या माझ्या माणसांनो, मागं उभ्या राह्यलेल्या बायांनो, पुढं या, सतरंजी रिकामी हाय. सकाळी किसनकाकांच्या घरी काकू मला म्हणल्या, "सुनीता, तू अंगणवाडीत बोलती तसं चांगलं दोन शब्द बोल." काकू, चांगलं सगळं माझ्या आधीच्यांनी बोलून टाकलं. माझं बोलणं जड हाय. हे किसनकाका जिते होते, ऐकत होते तवाच बोलायला पाहिजे होतं.

इथल्या निम्म्या घरांनी आठ नंबर पाह्यलंय. पोरांसाठी सांगते. चंद्रपूरकडच्या जंगलात कोळशाची आठ नंबरची खाण निघाली, तवा आपले परतूरकडचे लोक कामाला गेल्ते. आधी झोपड्या. मंग चाळी, शाळा, दवाखाना, रविवारचा बाजार. विहार तर आपणच बांधला, आठवतंय ना? केवढी ऐट होती! गावाकडून पाहुणा आला की आपण त्याला नळ सोडून दाखवायचो.

किसनकाका बत्तीघरात होते. खाली उतरणाऱ्यानं आपला पितळी बिल्ला त्यांना द्यायचा अन् बत्ती घ्यायची. बिल्ला बोर्डावरच्या खिळ्याला. वर आला की बत्ती जमा, बिल्ला परत. खिळ्याला बिल्ला हाय, म्हणजे माणूस खाली हाय. एवढी सोपी गोष्ट.

पण रविवारी सगळ्यांना बाजाराची घाई. एकानं दोघातिघांच्या बत्त्या जमा करायच्या, बाकीच्यांनी सरळ बाजार गाठायचा. काका हसायचे अन् त्यांचे बिल्ले काढून टेबलाच्या खणात ठेवायचे. सगळ्यांचं तसंच चालायचं.

एका रविवारी पाळी सुटताना माझ्या वडिलांची बत्ती मिणमिण करायला लागली. त्यांनी ती वर जाणाऱ्याच्या हातात दिली. म्हणले, "दुसरी पाठव, मी हितंच बसतो." त्या माणसानं बत्ती टेबलावर ठेवली अन् निरोप न देताच बाजारात पळाला. काकांनी वडिलांचा बिल्ला काढला. बोर्ड रिकामा. आई विचारायला गेल्ती, तर काका म्हणले, "वहिनी, खाली कोणी न्हाई. बाजारात आसंल बघा." आईनं सगळा बाजार पालथा घातला. वडील दुसऱ्या दिवशी सापडले. छताचा दगड अंगावर पडल्ता.

काका आईच्या पायाशी बसले. आई एकच वाक्य बोलली, "हाका मारून राह्यला आसंल तो, भाऊ."

पुढं कोळसा सरला. पंप बंद केले, खाण पाण्यानं भरली. आधी वीज गेली, मंग शाळा. आपणच दारं-खिडक्या काढून ट्रकात घातल्या. विहाराचे पत्रे उतरवताना कोणी रडलं न्हाई, खरं की न्हाई? सगळ्यांना जल्दी होती. आज तिथं बाभळी हायत म्हणे.

सगळे इकडं परत आले. काका आमच्या मागंमागं आले. आमचं पाणी त्यांनी भरलं. मला सायकलवर शाळेत त्यांनी नेलं. काकू, तुमचं घर गळत होतं अन् ते आमचं छप्पर दुरुस्त करून राह्यले होते. तुम्ही कधी भांडला न्हाईत. वर्षातून एकदा, त्या दिवशी, ते आमच्या उंबऱ्यावर बसायचे अन् विचारायचे, "वहिनी, किती वेळ जिता आसंल त्यो?"

आई ज्वारी पाखडत राहायची.

आता ऐका. डॉक्टरानं आईला तवाच सांगितल्तं. पाळी सुटता सुटता दगड पडला, माणूस जागीच गेला. बिल्ला खिळ्याला असता तरी वाचला नसता. एक हाक मारायला सुद्धा त्यांना सवड मिळाली न्हाई. आईला हे सगळं ठाऊक होतं. मरताना तिनं मला सांगितलं. वर म्हणली, "किसनला सांगू नको. मोकळा झाला तर येईल का आपल्या दारी?"

मी न्हाई सांगितलं. आईच्या मागं आठ वर्षं न्हाई सांगितलं. मला पण माणूस लागत होता. माझं लग्न मोडलं तवा काका आले. पोरगा आजारी पडला तवा काका आले. फुकटचा माणूस कोण सोडतं?

मागच्या आठवड्यात जालन्याच्या दवाखान्यात त्यांनी माझा हात धरला. "सुनीता, तू तर शिकलेली हायस. सांग ना, किती वेळ?" मी मोसंबी सोलून राह्यले होते. मी एक फोड त्यांच्या तोंडात घातली. दुसरी घातली. त्यांनी चावली न्हाई, माझ्या तोंडाकडं बघत राह्यले. सकाळी गेले.

काकू, तुम्ही वर बघा. मला शिव्या द्यायच्या तर द्या, मी हितंच उभी हाय.

काका, माझे बाबा एक मिनिट पण जिते न्हवते.

आता उठा सगळे. गप राहायचं काम मी लई वर्षं केलं. दोन मिनिटं तुम्ही करा.

जय भीम, काका.