मधूच्या राज्यातली माणसं

आता तुम्हीच सांगा मले, भरवसा ठेवायचा तर कोणावर ठेवायचा? पोटच्या पोराच्या शब्दावर, की आपल्या स्वतःच्या डोळ्यांवर? कारण पोरगा जाताना म्हणाला, बाबा, अख्खं राज्य देऊन चाललो तुम्हाले, करमलं नाही की यात जाऊन फिरा... अन् मी फिरलो हो! तीन आठवडे फिरलो! किल्ला पाहिला, जंगल पाहिलं, नदी पाहिली, सत्तर दुकानांचा बाजार पाहिला. पण माणूस? एक नाही!

अरे, दुकानात येऊन उभे काहून? घेऊ नका काही, पण बसा तर. पाणी घ्या. पहिल्यापासून सांगतो.

मी चंपतराव. गांधीबागेत कापडाचं ठोक दुकान, चौतीस वर्षं झाली गादीवर बसून. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं शिकलो ती गाठींवरच्या शिक्क्यांवरून अन् रेल्वेच्या बिल्टीवरून. आमचा मधुसूदन मात्र इंजिनियर झाला अन् अमेरिकेले गेला. त्याची आई त्याच्याही आधी गेली, अमेरिकेहून दूर. मधू म्हणाला होता, वर्षभरात येतो. त्याले आता दीड वर्ष झालं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी फोन येतो, तीन मिनिटं. मी महिनाभर एकच सवाल घोकून ठेवतो, "येतो कधी?" अन् दर वेळी थंडी किती, जेवला का, यातच तीन मिनिटं सरतात.

तर घरात उरलो मी अन् त्याची काळी पेटी, कम्प्युटर म्हणतात तिले. टाईपरायटरची लहान बहीण समजा. एक वायर टीव्हीले, एक टेपरेकॉर्डरले. कॅसेट लावली की पाच मिनिटं अशी किरकिरते, जशी तेल न घातलेली रहाटाची चाकं, अन् मग टीव्हीवर अक्षरं येतात. हा खेळ मधूनं कॉलेजात असताना स्वतः बनवला. अक्षरं इंग्रजी, बोली आपली मराठी. चित्र नाही, बित्र नाही. 'उत्तर' असं टाईप केलं की उत्तरेले जायचं, अन् लिहून येते, "तुम्ही किल्ल्याच्या दारात आहात. दार उघडे आहे."

उघडं! अन् पहारेकरी? आत गेलो, तर "हे स्वयंपाकघर आहे. चूल पेटली आहे. भात शिजला आहे." अरे, पण कोणी शिजवला? शेजारच्या प्रयागबाई दुपारचा डबा द्यायले आल्या होत्या. त्या पदरानं टीव्हीची काच पुसून म्हणतात, "अवो भाऊ, भात हाय तं रांधणारी बी असंलच. आंग धुवायले गेली असंल."

मी थांबलो! हसू नका. दहा मिनिटं थांबलो, परक्या बाईच्या स्वयंपाकघरात असं घुसलो म्हणून मनातल्या मनात ओशाळलो. कोणी आलं नाही. भात तसाच.

गुहेत गेलो तर "येथे राक्षस आहे." तुम्हाले सांगतो, इतका आनंद झाला! चला, कोणी तर भेटलं! पण पुढची ओळ, "राक्षस झोपला आहे." मी टाईप केलं, "उठ गा." मशीन म्हणे, "समजले नाही." मी टाईप केलं, "राम राम." "समजले नाही." मी म्हटलं, "चहा घेता का?" "समजले नाही." असा राक्षस काय कामाचा? खाऊन टाकायलेही उठत नाही!

अन् बाजार... त्या बाजारानं तर माझं डोकंच फिरवलं. मी बाजारातला माणूस, मले जंगल रिकामं चालते, किल्ला रिकामा चालते, पण बाजार? इकडे मे महिन्यात डांबर चपलीले चिकटते, तरी गांधीबागेत आमच्या ओळीत पाहा, दोन हमाल भांडून राहिले, एक दलाल उगाच हसून राहिला, कन्हानची कोणी बाई चार लुगडी उलगडून "रंग जाईल का?" विचारून राहिली, अन् गाय तर दुकानात अर्धी आतच! आणि मधूच्या बाजारात? "फळ्या काढलेल्या आहेत. गाद्या घातलेल्या आहेत." कोणी काढल्या? कोणी घातल्या? दुकान आपोआप उघडते का हो? मी जुन्या कॅलेंडरांच्या मागं नकाशा काढला, एकशे बारा जागा, अन् प्रत्येक जागेपुढं लिहिलं, माणूस, शून्य. माणूस, शून्य. प्रयागबाई म्हणतात, "जनगणनेवाले बी इतकं फिरत नाहीत." मी म्हटलं, बाई, त्याहिले दार उघडणारं कोणी तर भेटते!

मग एका शनिवारी, बाजाराच्या पश्चिमेले, कोरड्या विहिरीच्या पलीकडं, जिथं रस्ता संपते असं मी समजत होतो, तिथं गेलो. अन् लिहून आलं, "हे कापडाचे दुकान आहे. गादीवर एक माणूस बसला आहे."

मी उभा राहिलो. टोपी नीट केली. घरात एकटा, टीव्हीपुढं, टोपी नीट केली! अन् एका बोटानं टाईप केलं, "राम राम."

मशीन 'समजले नाही' म्हणाली नाही. म्हणाली, "घेऊ नका काही, पण बसा तर. पाणी घ्या."

...

तेवढ्यात प्रयागबाई डबा घेऊन आल्या. त्याहिले वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्यानं वाचलं. त्या डबा हातात धरून म्हणाल्या, "हे तं तुमी बोलता."

मी पुन्हा टाईप केलं, "मधू कुठे आहे?" तो म्हणे, "घेऊ नका काही, पण बसा तर. पाणी घ्या." दुसरं काही येतच नाही हो त्याले!

दुसऱ्या दिवशी रविवार, पहिलाच. फोन वाजला, अन् मी 'जेवला का' सुद्धा विचारलं नाही. सरळ म्हटलं, "अरे, इतकं मोठं राज्य अन् माणसं काहून नाही टाकली?"

"बाबा, मशीनमध्ये जागाच नव्हती," म्हणे. "झाड एका शब्दात उगवते, किल्ला दोन शब्दांत. माणूस टाकला की त्याले बोलायले द्यावं लागते. शेवटी एकाच माणसापुरती जागा उरली."

"मग राजा टाकायचा! राजकन्या टाकायची!"

 मग म्हणे, "बाबा, बाजार बनवला न, तर तो मलेच रिकामा, भणभणीत वाटला. म्हणून तुम्हाले बसवलं."

 मी म्हटलं, "बरं. तिकडे पाणी पीत जा भरपूर." अन् कट!

प्रयागबाई दारातच होत्या. "इचारलं का, येते कवा?"

"नाही."

"मंग तीन मिनिटं काय इचारलं वो?"

"झाडाले किती शब्द लागतात ते."

 डबा ठेवला अन् गेल्या.

तर आता रोज दुपारी दुकानातून जेवायले घरी गेलो की कॅसेट लावतो. किल्ल्यात जात नाही, राक्षसाले उठवत नाही. सरळ पश्चिम, विहीर, दुकान. राम राम म्हणतो. तो म्हणतो बसा. मी बसतो. सत्तर दुकानांच्या बाजारात एकटं फळ्या काढून बसणं काय असते, ते दुसऱ्या कोणाले कळणार? सांगा!

काल प्रयागबाई म्हणाल्या, "भाऊ, नकाशावर आता एक नका लिवू. तुमी जाता न तठी? दोन लिवा." मीही खुशीत पेन्सिल उचलली... अन् तशीच धरून बसलो. गादीवर मी, गिऱ्हाईक मी, दोन कसे होतील?

हा घ्या नकाशा, ही घ्या पेन्सिल. माझा हात वळत नाही, आकडा तुम्हीच लिहा. पण इमानानं लिहा बाप्पा, हिशेब खरा ठेवा... माझी कीव येऊन एका माणसाले दोनदा मोजू नका.