ओल्या विटेवरचं पाऊल

२०१५ सालच्या एका दुपारी अबुधाबीच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत वसुधाबाई मांडीवरच्या तक्त्यावर चित्रं चिकटवत होत्या. इराणमधलं एलामी लोकांचं तीन हजार वर्षांपूर्वीचं देऊळ उद्या शिकवणीच्या मुलांना दाखवायचं होतं. शेजारी वसईकडच्या दोघी येऊन बसल्या.

“काय म्हणाली गं डॉक्टर, रोवीना?”

“बाळाची कवटीच झालेली नाही, आंटी. जन्मलं तरी दिवसभरसुद्धा जगणार नाही.”

“जीझस! मग काढून टाक म्हणावं.”

“तुझ्या जिवाला धोका नाही, म्हणून इथल्या कायद्यात बसत नाही, म्हणाली.”

“मग वसईला जा. यल्ला, चल, आजच तिकीट काढ.”

“पासपोर्ट नोकरीला लागतानाच हॉटेलच्या ऑफिसात ठेवून घेतलाय. ईदची गर्दी सरली की तीन आठवड्यांनी देणार.”

“मग तेव्हा जा.”

“आज एकोणिसावा आठवडा चाललाय, आंटी. इंडियात विसाव्यानंतर कुणी हात लावत नाही.”

“त्या मॅनेजरला खरं सांग ना!”

“सांगितलं. इन्शाल्ला म्हणाला.”

“इन्शाल्ला! त्याच्या पोटात वाढतंय का?”

“आंटी, हळू बोला.”

थोड्या वेळानं रोवीना तक्त्यावर वाकली.

“बाई, हे पाऊल कुणाचं?”

“लहान मुलाचं. देवळाची वीट ओली असताना एक पोर तिच्यावरून चालत गेलं. ठसा अजून तसाच आहे.”

“पाचही बोटं दिसतात.”

“हो.”

“माझ्याचीही दिसली मघाशी, मशीनवर. डॉक्टर म्हणाली, पाय अगदी छान झालेत.”