पाळकसाहेबांनी परत पाठवलेला बकरा

सन्माननीय अध्यक्ष माणिकराव, आजचे सत्कारमूर्ती रेव्हरंड उल्हास साळवे, व्यासपीठावरील त्यांच्या पत्नी पद्मिनीबाई, आणि लखनऊच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत उरलेले आपण सव्वीस जण,

पाळकसाहेब उद्या कायमचे नगरला निघतात. त्यांच्यामागे इथं मराठी उपासना चालवणारं कुणी नाही. आपली मुलं तर 'पापा, हिंदीवाली में चलते हैं' म्हणून मोकळी होतात. तेव्हा गुणगान करायचं ते आजच. मला ते जमत नाही, म्हणून एक प्रसंग सांगतो.

पंचाहत्तर साली माझी मुलगी नयना इस्पितळात होती. सात वर्षांची. डॉक्टरांनी हात टेकले होते. मी संशोधन संस्थेत झाडपाल्याचा अभ्यास करणारा माणूस, पण त्या आठवड्यात जुना करार उघडून बसलो. अर्पणाचा पशू निर्दोष हवा, असं तिथं लिहिलंय. दोन दिवस अमीनाबाद बाजाराच्या मागं हिंडलो, दात नि खूर तपासून एक बकरा घेतला आणि महानगर मोहल्ल्यात पाळकसाहेबांच्या दारात नेऊन उभा केला. हसा हवं तर. पद्मिनीबाईंचा मोगरा त्यानं तेवढ्यात फस्त केला होता.

पाळकसाहेब म्हणाले, "पंढरीनाथराव, मी तसला बळी देणारा याजक नाही. प्रभूचं बलिदान एकदाच झालं, वधस्तंभावर. आता आपण द्यायचं काही उरलं नाही, फक्त घ्यायचं."

"मग मी करू काय?"

"काही नाही. बकरा परत पाठवा. मी तुमच्याबरोबर येतो."

तीन दिवस ते इस्पितळाच्या बाकावर माझ्याशेजारी बसून होते. चौथ्या दिवशी नयना गेली.

त्यांची शिकवण चुकीची होती का? नाही. मला ती तोंडपाठ आहे. पण बापाला काहीतरी द्यायचं होतं हो. बकरा देऊनही ती गेली असती, तर देवाशी भांडायला मला जागा तरी राहिली असती. फुकट मिळणाऱ्या कृपेशी माणसानं भांडायचं कसं?

माझ्या पत्नीनं, सुभद्रेनं, पुढच्याच रविवारी प्रभुभोजनाची भाकर नि पेला घेतला. मला तिचा हेवा वाटतो. मी नऊ वर्षांत एकदाही पेल्याला हात लावला नाही. पाळकसाहेबांनी कारण विचारलं नाही, पण पेला घेऊन माझ्यापुढं थांबल्याशिवाय ते कधी पुढं गेले नाहीत. आज सकाळी शेवटची वेळ होती. ते बराच वेळ थांबले. आज घेईन असं ठरवून मी आलो होतो. हात उचललाच नाही.

पाळकसाहेब, त्या बाकावरच्या तीन दिवसांबद्दल मी आपला ऋणी आहे. सत्काराच्या दिवशी असं बोलून मी रसभंग केला, सभेनं मला क्षमा करावी. आपली क्षमा मागत नाही. ती आपण केव्हाच दिलीत. मला ती घेता येत नाही.