बोगनवेलीला पाणी नको

बाबा बंगळुरात कसे रुळले म्हणून विचारलंस ना? बोगनवेलीमुळे.

आई गेल्यावर मी त्यांना बेळगावहून मारतहळ्ळीला आणलं. येताना त्यांनी आईच्या बोगनवेलीची फांदी आणली आणि गच्चीवर कुंडीत लावली. ती जगली, वाढली. बाबा तिला सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालायचे. वर्ष झालं, पानं रग्गड, फूल एकही नाही.

"तिच्या हाताला गुण होता, माझ्या नाही," असं म्हणून एक दिवस ते ताटावरून अर्धवट जेवून उठले.

खाली आमच्या घरमालकीण राहतात. त्यांना सगळे अक्का म्हणतात. त्या मराठी बोलतात, पण अर्धं कन्नड. त्यांनी वर येऊन कुंडीत बोट खुपसून पाहिलं.

"अण्णा, हिला पाणी स्वल्पच पुरतं. पानं मलूल झाली की मगच घाला."

"म्हणजे आठवड्यातनं एकदा?"

"सरी, बरोबर."

बाबा तांब्या धरून उभेच राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "आणि रोज सकाळी उठून मी करू काय?"

अक्कांनी बोटाची माती पदराला पुसली. मग म्हणाल्या, "खाली या. माझ्या मोगऱ्याला, तुळशीला रोज लागतं. माझे गुडघे वाकत नाहीत आता."

दोन महिन्यांनी एका सकाळी बोगनवेल गुलाबी झालेली दिसली. मी कठड्यावरून हाक मारली, "बाबा, वर या, आईच्या वेलीला फुलं आलीत."

खालून आवाज आला, "येतो रे. अक्कांचा मोगरा राहिलाय अजून."