सायीचे कण

— नाही, नाही, तू आधी हे पाकीट हातात घे, महेंद्र. घे. उलटं कर. मागं, खाली, बारीक अक्षरात काय लिहिलं आहे ते वाच मले. भिंग देऊ का? मी भिंगानंच वाचलं, सकाळी, ओट्यापाशी उभं राहून. वनस्पती तेल. साखर. अरे, दुधाचा थेंब नाही याच्यात, आणि तू काल मले काय म्हटलं? ‘सर, क्रीम तो क्रीम होती है.’ होती है! तू माझा विद्यार्थी होय, बीएस्सी सेकंड इयरचा, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरचा — का चौथ्या? — चौथा असेल, असो — दोन तास, पूर्ण दोन तास मी तुम्हाले इमल्शन शिकवलं. पाण्यात तेल कसं टिकते, काहून फाटते. आणि तू, स्वतःची डेअरी टाकून बसलेला माणूस, मले केकवर लावायचा गोड फेस देतो भाजीत टाकायले! टाकला ना मी. भाजीचं बासुंदीसारखं काहीतरी झालं, मटार घातलेलं.

आता असं म्हणू नको की सर, तुम्ही विचारलं नाही. परवा पहिलं पाकीट नेलं ते पंचवीस टक्के फॅटचं. टमाटरच्या रश्शात गेलं आणि फाटलं, फाटणारच, आंबट आहे तो, फॅट कमी, प्रोटीनले धरून ठेवायले कोणी नाही. म्हणून काल मी तुले म्हटलं, घट्ट दे, पस्तीसच्या वरचं दे. म्हटलं ना? का नुसतं ‘चांगलं दे’ म्हटलं? — नाही, पस्तीस म्हटलं मी. बहुतेक म्हटलं. आणि तुझ्या त्या मशीनमधून निघते ते, पिवळसर, कॅनमध्ये भरलेलं, ते काहून नाही दिलं? ते हलवायाचं? हलवायाले असली आणि सरले फेस! वा. दुधावरची साय वेगळी, मशीनची मलई वेगळी, पाकिटातलं क्रीम वेगळं, फेटायचं वेगळं आणि हे — हे तर कोणीच नाही, हे तेल आहे क्रीमचा सदरा घातलेलं. एवढं एक पाटीवर लिहून टांग ना दुकानात. नाहीतर मी लिहून देतो.

खाली काहून बसू? बसायले वेळ नाही. दीडची बस आहे. किती वाजले? पावणेबारा. — गॅस बंद केला ना मी? केला. दोनदा पाहिला. केला. — दीडच्या बसनं तुझ्या काकू बैहरले चालल्या, श्रद्धाकडे. पोरीकडे आई जाते, त्यात काय. आठ दिवसासाठी, म्हणते. आठ दिवसाले माणूस दोन स्वेटर नेते का? नेते, बैहरले थंडी जास्त, जंगल आहे, नेऊ शकते. पण सगळे चष्मे? उन्हाळ्यातला तो काळा चष्मासुद्धा? मी विचारलं नाही. विचारायले तोंड पाहिजे. म्हणून म्हटलं, ती निघायच्या आधी ताटात ती भाजी ठेवायची, तिचीच, मटार-मखान्याची, मी केलेली, न फाटलेली. बोलायचं काही नाही. नुसती ठेवायची. आणि तू —

तुले त्या जेवणाचं काय माहीत! तुले कोणी सांगितलं? श्रद्धाचा नवरा आला होता दुकानात? सांगितलंच असेल. मग अर्धंच सांगितलं असेल. ऐक मग. व्याही आले होते गोंदियाहून, दोघंही, जेवायले. तुझी काकू, पुष्पलता, चार दिवस साय जमवते अशा वेळेस, फ्रिजमध्ये, झाकण असलेल्या वाटीत, आणि ती वाटी मी चुकून बाहेर काढली की माझी खैर नाही. भाजी वाढली. व्याह्यानं पहिला घास घेतला आणि मान हलवली — अशी — आणि म्हणते, विहीणबाई, पासष्ट वर्षांत अशी भाजी खाल्ली नाही. ती नुसती हसली. पदरानं कपाळ पुसलं आणि हसली. आणि मी काय केलं? मी चमचा घेतला आणि व्याह्याच्या वाटीतून — त्याच्या, महेंद्र, जेवत्या माणसाच्या वाटीतून — सायीचा पांढरा कण उचलून सगळ्याईले दाखवला. म्हटलं, हे पाहा, हे क्रीम नव्हे. हे उष्णतेनं गोठलेलं प्रोटीन होय, त्याच्यात फॅट अडकलं आहे. खरं क्रीम टाकलं असतं तर रस्सा एकजीव झाला असता. पंधरा मिनिटं बोललो. व्याह्याचा हात ताटात तसाच. विहीण खाली पाहून राह्यली होती. श्रद्धा म्हणे, ‘बाबा, बस करा ना,’ तर मी तिलेही फॅट ग्लोब्यूलचा व्यास सांगितला!

चूक नव्हतं काही. एक शब्द चूक नव्हता, कोणतंही पुस्तक काढ. — असं पाहू नको माझ्याकडे. मले माहीत आहे काहून केलं ते. सागरच्या विद्यापीठात पाच वर्षं घासून मी डॉक्टरेट केली, याच विषयावर, इमल्शनवरच, प्रबंध छापला, छत्तीस वर्षं शिकवलं, आणि मले कोणी एका घासावर अशी मान हलवून दाखवली? कोणी? तू? तू तर नापास झाला होता. आणि ती घरी बसून, आठवी शिकलेली बाई... जाऊ दे. तिनं वाढायचा डाव पातेल्यात ठेवला. व्याही गेल्यावर म्हणे, उद्यापासून तुम्हीच करत जा, बरोबर क्रीम टाकून. एकोणीस दिवस झाले. स्वतःपुरती खिचडी करते. मी ब्रेड खातो. रोज ब्रेड!

काय म्हटलं? मोठ्यानं बोल. — उकळलं का? म्हणजे? क्रीम टाकल्यावर? हौ, उकळलं, शिजायले नको का? चांगली दहा मिनिटं... अरे, थांब. थांब. गॅसवरून उतरवून टाकायचं असते. आधी दोन चमचे गरम रस्सा क्रीममध्ये, मग ते पातेल्यात. हे — हे तर मी फळ्यावर लिहिलं आहे, तापमान हळूहळू वाढवा म्हणून, आणि ती काय करते, पातेलं उतरवते, वाटीत रस्सा घेते, चमच्यानं सायीले घोटते, घोटते... त्रेचाळीस वर्षं ती माझ्या डोळ्यांपुढं ते करून राह्यली आणि मी पेपर वाचत होतो. म्हणजे तुझं पाकीट फाटलं नाही, पहिलं तरी. मीच फाडलं. पण हे दुसरं तेलच आहे, हां! हे तुझंच पाप. ते कॅनमधलं दे मले, लवकर, दोन वाट्या. उतरवून टाकतो. बारा वाजले तरी होते, पातेलं तयारच आहे, दुसरा रस्सा तयार आहे —

काय? हात काहून थांबवला? बोल ना. काकू आल्या होत्या? इथं? केव्हा, सकाळी? मी आंघोळीले गेलतो तेव्हा असेल. पिशवी घेऊन? काय म्हणत होत्या?

अर्धा लिटर.

उद्यापासून दूध अर्धा लिटर. बरं. आठ दिवसापुरतं ना? एका माणसाले एक लिटर कशाले, बरोबर आहे, हिशेबी आहे ती. — आठ दिवसापुरतंच म्हटलं ना तिनं? मग काय म्हटलं? जसं म्हटलं तसं सांग. एक शब्द इकडे-तिकडे करू नको. ... ‘आता सरांपुरतंच.’ ‘आता’ म्हटलं? आणि म्हशीचंच देत जा, गाईच्या दुधाचा चहा त्याईले चालत नाही. असं म्हटलं. आणि तू? तू ‘हौ’ म्हटलं? काहून हौ म्हटलं! तुले कोणी सांगितलं हौ म्हणायले? छत्तीस वर्षांत तुम्हाले मी एकच तर गोष्ट शिकवायचा प्रयत्न केला, की समोरचा सांगते ते लगेच खरं धरू नका, विचारा, काहून म्हणून विचारा, आणि तू एका बाईले विचारू शकला नाही की काकू, परत केव्हा येता!

तर ऐक. उद्या एक लिटर येईल माझ्या दारी. परवाही एक लिटर. अर्धा आणला तर मी पायरीवरून परत पाठवीन. — नासू दे. साय धरू दे त्याच्यावर, वाटीभर, दोन वाट्या, फ्रिज भरू दे. समजलं? एक लिटर. — आता असा उभा काहून? ते कॅनचं झाकण लाव आणि जा तिकडं, तुझं गिऱ्हाईक ताटकळून राह्यलं.