आवाजाला हात लावायचा नाही

नर्सने डोळ्यांत थेंब घातले आणि हाक मारेपर्यंत उघडायचे नाहीत म्हणून बजावलं. डोळे मिटून बाकावर बसलेल्या शिंपीणबाईंच्या कानांना मग मोकळं रान मिळालं. शेजारी एक नवरा-बायको होते; नवऱ्याच्याही डोळ्यांत नुकतेच थेंब पडले होते.

"घरचे सगळे जुने व्हिडिओ नव्या फॉरमॅटमध्ये बदलून घेतो. फाइल निम्म्यावर येते."

"मागच्या महिन्यात वेगळाच नवा होता ना?"

"तो आपल्या टीव्हीवर लागत नव्हता."

"आणि हा?"

"हाही लागत नाही. पुढच्या टीव्हीवर लागेल."

"म्हणजे व्हिडिओसाठी टीव्ही बदलायचा. उद्या चपलेसाठी पाय बदलाल."

"अगं, जुना फॉरमॅट सगळीकडे चालतो, पण जागा फार खातो."

"खाऊ दे की. पोरगी रांगताना, धडपडताना दिसली म्हणजे झालं. ती काही फॉरमॅट बघून रांगत नव्हती."

"बरं, राहिला जुनाच. मग आवाज तरी काढून टाकतो. तेवढीच थोडी जागा वाचेल."

"आवाज का म्हणून?"

"आहे काय त्यात? पहिल्यापासून शेवटपर्यंत मीच ओरडतोय, इकडे बघ, इकडे बघ."

"आवाजाला हात लावायचा नाही."

"अगं, पण..."

"कॅमेरा जन्मभर तुमच्याच हातात. आवाजाशिवाय तुम्ही कुठे आहात त्यात?"

मग नर्सच्या चपला वाजत आल्या.

"काका, उघडा डोळे. इकडे बघा."

"बघा हो," बायको म्हणाली. "आज तुमची पाळी."